आपल्या छोट्या फ्रेमवर्कमध्ये सेशन कसं टाकायचं: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

दर शनिवारी संध्याकाळी कोपरखैरण्याला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात पाच-सहा मुलं-मुली लॅपटॉप घेऊन बसतात, कोणी बीएससी आयटीचं, कोणी डिप्लोमाचं, दोघी ठाण्याहून ट्रान्स हार्बरने येतात. आम्ही पायथनमध्ये स्वतःचं छोटंसं वेब फ्रेमवर्क लिहितोय. तयार फ्रेमवर्क घेतलं की काम पटकन होतं पण आत काय चाललंय ते कळत नाही, म्हणून मुद्दाम डब्ल्यूएसजीआयपासून (वेब सर्व्हरने पायथनच्या कोडशी कसं बोलायचं याचा ठरलेला नियम) सुरुवात केली. त्याच्यावर सोसायटीचं अ‍ॅप बनतंय: मेंटेनन्सची पावती, हॉल बुकिंग, गेटवरचं व्हिजिटर रजिस्टर. राउटिंग झालं, टेम्प्लेट झाले, आणि लॉगिनपाशी गाडी अडली. एकीने विचारलं, "ताई, पासवर्ड बरोबर आहे हे मी चेक केलं, पण पुढच्या पेजवर सर्व्हरला परत माहीतच नाही मी कोण ते. मग काय प्रत्येक पेजवर पासवर्ड मागू?"

अगदी बरोबर प्रश्न आहे आणि इथूनच सेशन सुरू होतं. त्या दोन-तीन शनिवारांत आम्ही जे केलं ते सगळं इथे क्रमाने लिहितेय. उदाहरणं पायथनची आहेत पण तुम्ही नोड, पीएचपी, जावा काहीही वापरत असाल तरी विचार तोच राहतो.

आधी नक्की काय हवंय ते समजून घ्या

एचटीटीपीला आठवण नसते. प्रत्येक रिक्वेस्ट म्हणजे नवीन माणूस. नाक्यावरच्या डॉक्टरांचा दवाखाना आठवा, जिथे दिवसाला शंभर पेशंट येतात, डॉक्टरांना तुमचा चेहरा लक्षात असेलच असं नाही. पहिल्या वेळी कंपाउंडर एक छोटं कार्ड देतो, त्यावर फक्त नंबर असतो. पुढच्या वेळी तुम्ही कार्ड पुढे करता, तो कपाटातून त्या नंबरचा केसपेपर काढून आत डॉक्टरांपुढे ठेवतो. मागच्या वेळचा खोकला, दिलेली औषधं, बाकी राहिलेले पन्नास रुपये, सगळं त्या कागदावर असतं, कार्डावर नाही.

कार्ड म्हणजे कुकी. केसपेपर म्हणजे सेशन. कपाट म्हणजे तुमचा डेटाबेस किंवा रेडिस (मेमरीत चालणारा झटपट डेटाबेस). कुकीची ही युक्ती १९९४ साली नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी काढली आणि आज आपण वापरतो ती पद्धत मुळात तीच आहे: सर्व्हर रिस्पॉन्समध्ये सेट-कुकी नावाचा हेडर पाठवतो, ब्राउझर ते जपून ठेवतो आणि त्या साइटच्या पुढच्या प्रत्येक रिक्वेस्टसोबत कुकी हेडरमध्ये परत पाठवतो.

नवीन मुलांचं सगळं लक्ष केसपेपरवर असतं, म्हणजे सेशनमध्ये काय काय साठवायचं यावर. ते सोपं आहे हो, डिक्शनरी ठेवायची नि जेसन (डेटा मजकुराच्या रूपात लिहायची पद्धत) करून सेव्ह करायची, अर्ध्या तासाचं काम. खरं काम कार्डाचं आहे. नंबर कधी द्यायचा, कधी बदलायचा, कधी फाडून टाकायचा. लॉगिनमधले जे गंभीर गोंधळ मी आजवर पाहिलेत ते जवळपास सगळे इथलेच.

पायरी १: केसपेपर कपाटात की पेशंटच्या हातात

दोन रस्ते आहेत. एक वर सांगितला तो. दुसरा म्हणजे केसपेपरच पेशंटच्या हातात द्यायचा, फक्त त्यावर डॉक्टरांचा शिक्का मारायचा. पायथनचं तयार फ्रेमवर्क फ्लास्क मुळात असंच करतं, सेशनचा सगळा डेटा कुकीतच जातो आणि त्यावर तुमच्या सीक्रेट कीने सही होते. पेशंटने आकडा खोडून दुसरा लिहिला तर शिक्का जुळणार नाही आणि पेपर रद्द. कपाट लागत नाही, डेटाबेसला फेरी नाही, छान वाटतं.

पण तीन गोष्टी डोक्यात ठेवा. सही म्हणजे कुलूप नव्हे, फ्लास्कच्या कुकीतला डेटा कोणीही डीकोड करून वाचू शकतो, त्यात बदल करू शकत नाही एवढंच. दुसरं, एका कुकीत साधारण ४ केबीच मावतं. तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं, हातात दिलेला पेपर परत मागता येत नाही. एखाद्याचा फोन चोरीला गेला, तुम्हाला त्याचं सेशन आत्ताच्या आत्ता बंद करायचंय, तर कसं करणार? सही तर बरोबरच आहे. मग रद्द झालेल्या पेपरांची यादी ठेवा, म्हणजे कपाट आलंच परत.

आम्ही कपाट घेतलं. शिकायला पण तेच बरं.

पायरी २: नंबर कसा बनवायचा

दवाखान्यात नंबर १, २, ३ असे ओळीने दिले तर चालतं, कारण कंपाउंडर चेहरा पण बघतो. सर्व्हर चेहरा बघत नाही. ज्याच्याकडे नंबर, तोच माणूस. म्हणून नंबर असा हवा की कोणाला अंदाजच लावता येऊ नये.

आमच्यातल्या एकाने पहिल्यांदा फ्लॅट नंबर आणि वेळ जोडून त्याचा हॅश (मजकुरातून निघणारा ठरावीक लांबीचा कोड, जो उलटा फिरवता येत नाही) काढला होता. दिसायला लांबलचक आणि भारी दिसतं, पण फ्लॅट नंबर सगळ्यांना माहीत, वेळेचा अंदाज लावता येतो, म्हणजे हॅश पण घरी बसून काढता येतो. दुसरीने रँडम मोड्यूल वापरलं. त्यात पण अडचण आहे, पायथनचं रँडम मोड्यूल आतून मर्सेन ट्विस्टर वापरतं आणि त्याचे ३२ बिटांचे ६२४ आकडे सलग हाती लागले तर पुढचे सगळे आकडे गणिताने सांगता येतात. लॉटरीचा खेळ बनवायला ठीक, किल्ली बनवायला नाही.

पायथन ३.६ पासून सीक्रेट्स नावाचं मोड्यूल आहे, त्यातलं टोकन-यूआरएलसेफ हे फंक्शन वापरा आणि त्याला ३२ द्या. ३२ बाइट म्हणजे २५६ बिट, बाहेर ४३ अक्षरांची स्ट्रिंग येते. बस. यात स्वतःची काहीही भर घालू नका, यूझर आयडी नको, फोन नंबर नको, तारीख नको. नंबरला स्वतःचा काहीही अर्थ नसावा.

पायरी ३: कपाट

आम्ही एसक्यूलाइटमध्ये एक टेबल केलं. कॉलम असे: सेशन नंबरचा हॅश, यूझर आयडी, डेटा, कधी बनलं, शेवटचं कधी वापरलं, आणि कधी संपणार. यूझर आयडी डेटाच्या आत जेसनमध्ये न टाकता वेगळा कॉलम ठेवा, कारण पुढे "या माणसाची सगळी सेशन उडव" असं करायची वेळ नक्की येते आणि तेव्हा हजार जेसन उघडत बसावं लागणार नाही.

आता हॅश का? कोणाच्या हातात डेटाबेसचा बॅकअप लागला आणि त्यात नंबर जसेच्या तसे असले तर तो सरळ त्या नंबरची कुकी लावून आत येईल, पासवर्डची गरजच नाही. म्हणून कुकीत खरा नंबर, टेबलमध्ये त्याचा एसएचए-२५६ हॅश. रिक्वेस्ट आली की कुकीतल्या नंबरचा हॅश काढून शोधायचं. एकाने लगेच विचारलं की पासवर्डसाठी तर तुम्ही साधा एसएचए वापरू नका म्हणता, मग इथे कसा चालतो? छान शंका आहे. माणसाने बनवलेला पासवर्ड अंदाजाने सापडतो, म्हणून तिथे मुद्दाम हळू चालणारा हॅश लागतो. आपला नंबर २५६ बिटांचा निव्वळ रँडम आहे, त्याचा अंदाज लावत बसायला कोणाचं आयुष्य पुरणार नाही, म्हणून इथे फास्ट हॅश पुरतो.

डेटामध्ये काय ठेवायचं? कमीत कमी. अर्धवट भरलेला फॉर्म, "पावती सेव्ह झाली" असा एकदा दाखवायचा मेसेज, निवडलेली भाषा. माणूस कमिटी मेंबर आहे की साधा मेंबर हे सेशनमध्ये कॉपी करून ठेवू नका, दर वेळी यूझर टेबलमधून वाचा. नाहीतर एजीएममध्ये कमिटी बदलते आणि जुने सेक्रेटरी पुढचे पंधरा दिवस सगळ्यांच्या थकबाक्या बघत राहतात.

पायरी ४: मिडलवेअर

हा फ्रेमवर्कचा खरा भाग. रिक्वेस्ट हँडलरकडे (त्या पेजचं काम करणारं फंक्शन) जायच्या आधी एक जागा आणि हँडलरकडून रिस्पॉन्स आल्यावर एक जागा, अशा दोन ठिकाणी आपला कोड बसतो, त्यालाच मिडलवेअर म्हणतात. फ्लास्कमध्ये पण आतून हेच आहे, ओपन-सेशन आणि सेव्ह-सेशन अशी दोन फंक्शनं, त्यांची नावं वाचली तरी सगळं लक्षात येतं.

जाताना असं करा. डब्ल्यूएसजीआयच्या एन्व्हायरन डिक्शनरीतून कुकीची स्ट्रिंग घ्या, पायथनच्याच सिंपल-कुकी क्लासने ती फोडा, आपल्या नावाची कुकी आहे का बघा. असेल तर हॅश काढून टेबलमध्ये शोधा. सापडली आणि मुदत संपलेली नाही, तर डेटा रिक्वेस्टला चिकटवा. नाही सापडली तर रिकामं सेशन चिकटवा, पण नंबर अजून बनवू नका.

इथे दोन गोष्टींवर मी मुलांना बराच वेळ थांबवलं.

पहिली. कुकीत आलेला नंबर आपल्या टेबलमध्ये नसेल तर तो स्वीकारायचा नाही, म्हणजे "हा नंबर दिसत नाही, ठीक आहे, याच नंबराने नवीन केसपेपर उघडतो" असं अजिबात करायचं नाही. नंबर फक्त आपण द्यायचा. पीएचपीमध्ये यासाठी स्ट्रिक्ट मोड नावाची वेगळी सेटिंग आहे, यावरूनच समजा की ही चूक किती लोकांनी केली असेल.

दुसरी. सेशन लागलं तरच बनवा. गूगलचा बॉट आला, कोणीतरी नुसतं होमपेज बघून गेलं, त्यांना कार्ड कशाला? आम्ही आधी प्रत्येक रिक्वेस्टला सेशन बनवत होतो आणि दोन दिवसांत टेबलमध्ये हजारो ओळी झाल्या, त्यात खऱ्या लोकांच्या मोजून चाळीस. आता हँडलरने सेशनमध्ये काही लिहिलं तरच परतीच्या वाटेवर नंबर बनतो. सीएसएस, फोटो, लोगो या रिक्वेस्टना तर मिडलवेअर हातच लावत नाही.

येताना काय करायचं? सेशन बदललंय का ते बघा, बदललं असेल तर सेव्ह करा, नवीन असेल तर सेट-कुकी लावा. बदललंय हे कळायला सेशनचा स्वतःचा डिक्शनरी क्लास करा, ज्यात काही लिहिलं वा खोडलं की एक फ्लॅग चढतो. यात एक खड्डा आहे ज्यात प्रत्येक जण एकदा पडतोच: सेशनमध्ये एक लिस्ट ठेवलीय आणि तुम्ही त्या लिस्टमध्ये एक आयटम वाढवला, तर बाहेरच्या डिक्शनरीला काहीच कळत नाही, फ्लॅग चढत नाही, सेव्ह होत नाही, आणि तुम्ही तासभर डोकं धरून बसता की आत्ता तर टाकलं होतं, गेलं कुठे. एकतर नवीन लिस्ट बनवून परत त्या कीवर ठेवा किंवा फ्लॅग हाताने चढवा, फ्लास्कमध्ये पण मॉडिफाइड नावाचा फ्लॅग याचसाठी दिलाय. हँडलरमध्ये एरर येऊन ५०० (सर्व्हरची चूक असा रिस्पॉन्स) गेला तर आम्ही सेशन सेव्हच करत नाही, अर्धवट झालेलं काम लक्षात ठेवण्यात काही अर्थ नाही असं माझं मत आहे.

एकाच माणसाच्या दोन टॅबमधून एकदम रिक्वेस्ट आल्या तर दोन्ही जुनं सेशन वाचतात आणि जी नंतर सेव्ह होते ती पहिलीचं लिहिलेलं पुसते. म्हणून पण सेशनमध्ये महत्त्वाचं काही ठेवायचं नाही. हॉलचं बुकिंग बुकिंगच्या टेबलमध्ये, सेशनमध्ये नाही.

पायरी ५: कुकीचे फ्लॅग, आणि आमचं पेमेंटचं प्रकरण

सेट-कुकी लिहिताना नंबरासोबत चार-पाच गोष्टी लावायच्या असतात. एचटीटीपी-ओन्ली लावलं की पेजवरच्या जावास्क्रिप्टला कुकी वाचता येत नाही, म्हणजे कोणी कमेंटच्या डब्यातून स्क्रिप्ट घुसवलीच तरी नंबर चोरून नेता येत नाही. सिक्युअर लावलं की कुकी फक्त एचटीटीपीएसवरूनच जाते. २०१० मध्ये फायरशीप नावाचं एक फायरफॉक्स एक्स्टेन्शन आलं होतं, कॅफेच्या उघड्या वायफायवर बसून शेजारच्यांच्या कुक्या पकडायच्या आणि एका क्लिकवर त्यांच्या नावाने आत जायचं. तेव्हा मोठमोठ्या साइट फक्त लॉगिनचं पेज एचटीटीपीएसवर ठेवायच्या आणि बाकी सगळं उघड्यावर. पासवर्ड सुरक्षित, पण कार्ड सगळ्यांना दिसतंय. पाथ म्हणून नुसता स्लॅश द्या, आणि डोमेन लिहूच नका, न लिहिलं तर कुकी फक्त त्याच होस्टला जाते, लिहिलं तर सगळ्या सबडोमेनला.

आता सेमसाइट. यावर जरा जास्त लिहिते कारण यात आम्ही चांगलेच अडकलो.

सेमसाइटच्या तीन व्हॅल्यू: स्ट्रिक्ट, लॅक्स, नन. दुसऱ्या साइटवरून तुमच्या साइटला रिक्वेस्ट आली तर कुकी पाठवायची की नाही हे यावर ठरतं. स्ट्रिक्ट म्हणजे अजिबात नाही, मग व्हॉट्सअ‍ॅप वेबवर आलेल्या पावतीच्या लिंकवर क्लिक केलं तरी माणूस लॉगआउट झाल्यासारखा दिसतो. लॅक्स म्हणजे साधी लिंक दाबून आला तर पाठव, पण बाहेरून फॉर्म पोस्ट (POST) झाला तर नाही. नन म्हणजे नेहमी पाठव, आणि त्याला सिक्युअर लावावंच लागतं. काही लिहिलं नाही तर लॅक्स धरायचं असं क्रोमने २०२० मध्ये सुरू केलं. आम्ही लॅक्स स्पष्ट लिहिलं, जे बरोबरच आहे.

मग हॉल बुकिंगला ऑनलाइन पेमेंट जोडलं. माणूस पैसे भरतो, पेमेंट गेटवेच्या पेजवर जातो, ओटीपी टाकतो, परत येतो, आणि समोर लॉगिनचं पेज! पैसे कट झालेले, बुकिंग दिसत नाही, माणूस लॉगआउट. एका काकूंचा रात्री साडेनऊला फोन आला, मुलीच्या साखरपुड्यासाठी हॉल घेतला होता, आवाज रडवेला झालेला. पैसे सुरक्षित होते पण त्यांना ते कसं कळणार?

झालं असं होतं. गेटवे माणसाला आमच्याकडे परत पाठवताना फॉर्म पोस्ट करत होता. बाहेरून आलेला पोस्ट, म्हणून लॅक्स कुकी आलीच नाही. मिडलवेअरला वाटलं नवीन माणूस आहे. इथवर पण चाललं असतं, पण आमचा हँडलर "पेमेंट झालं" हा मेसेज सेशनमध्ये लिहीत होता. लिहिलं म्हणून नवीन सेशन बनलं, नवीन नंबराची कुकी गेली आणि तिने ब्राउझरमधल्या जुन्या, लॉगिन असलेल्या कुकीची जागा घेतली. म्हणजे आम्हीच त्या काकूंचं कार्ड काढून घेऊन हातात कोरं कार्ड दिलं.

मुलांना पहिला उपाय सुचला तो म्हणजे सेमसाइट नन करून टाकू. ते मी करू दिलं नाही, एका पेजसाठी सगळ्या साइटचं दार उघडं टाकायचं नसतं. नीट उपाय असा: पेमेंटवरून परत येण्याचा जो पत्ता आहे तिथे सेशनला हातच लावायचा नाही. गेटवेने पाठवलेली सही तपासायची, ऑर्डर नंबरवरून आपल्या टेबलमध्ये बुकिंग शोधायचं, रक्कम जुळवायची, "पैसे आले" असं तिथेच लिहायचं, आणि ३०३ रिडायरेक्टने पावतीच्या पेजवर पाठवून द्यायचं. रिडायरेक्टनंतरची रिक्वेस्ट साधी गेट (GET) असते, त्यासोबत लॅक्स कुकी येते, माणूस लॉगिन असलेलाच दिसतो आणि पावती समोर. हे झाल्यावर मी स्वतः एक रुपयाचं पेमेंट करून तीन ब्राउझरमध्ये बघितलं, मगच काकूंना फोन केला.

पायरी ६: लॉगिन झालं की नंबर बदला

ही एक ओळ आहे पण ती विसरू नका. सोसायटीच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर आहे, सगळे वापरतात. समजा कोणी त्यावर आपलं अ‍ॅप उघडलं, लॉगिन न करता भाषा वगैरे निवडली, म्हणजे सेशन बनलं. त्याने ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधून तो नंबर कागदावर लिहून घेतला आणि निघून गेला. मागून खजिनदार आले आणि त्याच ब्राउझरमध्ये लॉगिन केलं. नंबर तोच राहिला तर आता कागदावरचा नंबर खजिनदारांचा झाला. याला सेशन फिक्सेशन म्हणतात.

म्हणून पासवर्ड बरोबर निघाला की जुनी ओळ डिलीट, नवीन नंबर, नवीन ओळ, आणि त्यात यूझर आयडी. जुन्या सेशनमधली भाषा, अर्धवट फॉर्म असलं काही हवं असेल तर उचलून आणा. साध्या मेंबरवरून अ‍ॅडमिन मोडमध्ये जाताना पण हेच करा. फ्रेमवर्कमध्ये याचं वेगळं फंक्शन बनवा आणि लॉगिनच्या फंक्शनच्या आतूनच ते कॉल करा, अ‍ॅप लिहिणाऱ्याच्या आठवणीवर सोडू नका.

लॉगआउट म्हणजे नुसती कुकी पुसणं नव्हे. टेबलमधली ओळ आधी उडवा, मग त्याच नावाची, त्याच पाथची कुकी मॅक्स-एज ० लावून पाठवा. पाथ वेगळा दिला तर ब्राउझर ती वेगळी कुकी समजतो आणि जुनी तशीच राहते. आणि लॉगआउट गेट रिक्वेस्टवर ठेवू नका, पोस्ट करा, नाहीतर कोणीही इमेजच्या टॅगमध्ये तो पत्ता टाकून लोकांना बाहेर काढत बसेल. पासवर्ड बदलला की त्या माणसाची बाकीची सगळी सेशन उडवा, इथे तो वेगळा यूझर आयडीचा कॉलम कामाला येतो.

पायरी ७: किती वेळ ठेवायचं

प्रत्येक फ्रेमवर्कचं वेगळं आहे. जँगोचं (हे पण पायथनचं फ्रेमवर्क) मुळातलं दोन आठवडे, फ्लास्कमध्ये सेशन पर्मनंट केलं तर ३१ दिवस, पीएचपीमध्ये १४४० सेकंद म्हणजे २४ मिनिटं वापर नसेल तर डेटा साफसफाईला पात्र. यातलं कुठलं बरोबर? तुमचं अ‍ॅप कोण कुठे वापरतं त्यावर आहे.

आमच्याकडे दोन टोकं होती. घरचे लोक महिन्यातून एकदा फोनवर पावती बघायला येतात, त्यांना दर वेळी पासवर्ड मागितला तर ते अ‍ॅप सोडून वॉचमनलाच विचारतील. त्यांना ३० दिवस. आणि गेटवरचा टॅब, तो तीन वॉचमन शिफ्टमध्ये वापरतात, तिथे लॉगिन राहिलं तर रात्रीच्या माणसाच्या नोंदी सकाळच्याच्या नावावर पडतात. त्याला ८ तास, शिफ्ट संपली की बाहेर, मग मध्ये वापर चालू असो वा नसो.

म्हणजे दोन घड्याळं लागतात. एक, शेवटच्या वापरापासून किती. दुसरं, लॉगिनपासून एकूण किती. फक्त पहिलं ठेवलं तर चोरलेला नंबर कोणी दर तासाला हलवत राहिलं की तो कधीच मरत नाही. दोन्ही तपासणी सर्व्हरवर करा, कुकीचा मॅक्स-एज ही ब्राउझरला केलेली सूचना आहे, चोर ती पाळणार नाही.

शेवटचा वापर प्रत्येक रिक्वेस्टला लिहू नका, डेटाबेसला उगाच भार. आधीची नोंद पाच मिनिटांपेक्षा जुनी असेल तरच लिहा. आणि मुदत संपलेल्या ओळी रात्री एका क्रॉनने (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम) उडवा, रेडिस असेल तर मुदत लावली की तो स्वतःच उडवतो.

पायरी ८: लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर नाही

एकाने घरी सराव करताना टेबल न करता ग्लोबल डिक्शनरीत सेशन ठेवली होती. लॅपटॉपवर एकदम झकास. सर्व्हरवर टाकल्यावर एक क्लिक लॉगिन, एक क्लिक लॉगआउट, परत लॉगिन. कारण तिथे गनिकॉर्नचे (पायथनचा कोड चालवणारा सर्व्हर) दोन वर्कर, म्हणजे दोन वेगळे प्रोसेस, होते, प्रत्येकाची मेमरी वेगळी, म्हणजे दवाखान्याला दोन कंपाउंडर आणि दोन कपाटं, आणि कुठल्या खिडकीवर तुम्ही जाल ते नशीब. नोडच्या एक्सप्रेस फ्रेमवर्कच्या सेशन पॅकेजमधलं मेमरी स्टोअर पण असंच, ते फक्त डेव्हलपमेंटसाठी आहे असं त्यांनीच लिहून ठेवलंय.

दुसरं, पुढे एनजिनएक्स (रिक्वेस्ट आधी स्वतः घेऊन तुमच्याकडे पाठवणारा सर्व्हर, म्हणजे प्रॉक्सी) असेल तर एचटीटीपीएस तिथेच संपतं आणि तुमच्या अ‍ॅपला साधं एचटीटीपी दिसतं. अ‍ॅप विचार करतं की कनेक्शन सुरक्षित नाही आणि सिक्युअर कुकी पाठवतच नाही. एनजिनएक्सकडून एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर पाठवा आणि अ‍ॅपला सांगा की या प्रॉक्सीवर विश्वास ठेव. फक्त आपल्याच प्रॉक्सीवर हं, बाहेरून कोणीही तो हेडर लिहू शकतो. सीक्रेट की वापरत असाल तर ती सर्व्हर सुरू होताना नवीन बनवू नका, नाहीतर प्रत्येक रीस्टार्टला सगळे बाहेर. आणि ती गिटमध्ये टाकू नका.

लॉगिन केलेल्या पेजना कॅश-कंट्रोलमध्ये नो-स्टोअर लावा. लॉगआउटनंतर बॅक दाबलं तर थकबाकीची यादी परत दिसू नये, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हे फार लागतं. दुसऱ्या साइटने तुमच्या माणसाच्या नावाने फॉर्म पाठवू नये म्हणून फॉर्मना सीएसआरएफ टोकन पण लावा, लॅक्समुळे बरंच काम होतं पण सगळं नाही. सेशनमध्ये एक रँडम टोकन ठेवायचं, फॉर्ममध्ये लपवून द्यायचं, पोस्ट आल्यावर जुळवायचं.

तपासायचं कसं

दोन ब्राउझर घ्या, एक साधा आणि एक इनकॉग्निटो चालेल. लॉगिनच्या आधीचा नंबर बघून ठेवा, लॉगिन करा, नंबर बदलला का बघा. मग तो लॉगिन असलेला नंबर दुसऱ्या ब्राउझरमध्ये हाताने चिकटवा, तुम्ही तिथे पण लॉगिन दिसाल, हे अपेक्षितच आहे आणि मुलांनी एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून मी मुद्दाम करायला लावते, त्या दिवसानंतर कोणी कुकीचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकत नाही. आता पहिल्यात लॉगआउट करा आणि दुसऱ्यात पेज रिफ्रेश करा. लॉगिनचं पेज आलं पाहिजे. आलं नाही तर तुम्ही फक्त कुकी पुसलीय, ओळ टेबलमध्ये तशीच आहे, पायरी ६ वर परत जा. शेवटी कुकीत स्वतःच्या मनाने काहीही अक्षरं टाकून भाषा बदला आणि टेबल उघडून बघा, तुम्ही टाकलेल्या नंबराच्या हॅशची ओळ तिथे दिसता कामा नये.